भासऱ्यांचा कान

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलायचे ते भिंतीकडे तोंड करून. "कोणी चहा ठेवन का बाप्पा," असं ते भिंतीला विचारायचे आणि मी उठून चहा ठेवायची. मी उत्तर द्यायची ते अंगणातल्या कडुनिंबाला. आमच्याकडे भासऱ्यासमोर पदर तोंडापर्यंत असतो. समोरासमोर बोलणं नाही, अंगाला अंग लागणं तर नाहीच. त्यांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं आणि मलाही त्यांचे पायच जास्त ओळखीचे होते. टाचांच्या भेगांत काळं ग्रीस भरलेले पाय.

राजापेठेच्या मागे आमचं घर, पुढच्या अंगणात गॅरेज. लोक त्यांना मिस्त्री म्हणत. गाडी आली की ते लगेच हत्यार घेत नसत. हात मागे बांधून तिच्याभोवती फिरायचे, मग गाडी सुरू करून डोळे मिटून उभे राहायचे. "पहिले तिले बोलू द्या, मंग आपण बोलू," म्हणायचे. यांना घाई असायची. "दादा, गिऱ्हाईक उभं हाये," हे म्हणायचे. भासरे डोळे न उघडता सांगायचे, "मंग स्टूल दे त्याले. पाय दुखत असतीन."

पुढे पुढे मला शंका यायला लागली की त्यांना कमी ऐकू येतंय. कुकरची शिट्टी झाली तरी मान वळायची नाही. मी कोणाला बोलले नाही. कानावर चालणारा मिस्त्री, त्यालाच ऐकू येत नाही असं गावात झालं तर गाड्या कोण आणणार, ही धास्ती माझ्या पोटात होती. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त भिंतीला त्यांचे प्रश्न वाढले. "आवाज समोरून येते का मांगून?" मी कडुनिंबाला सांगायची, "मांगून." ते मान हलवून कामाला लागायचे.

अशात अकोल्याच्या एका डॉक्टरांची लाल गाडी आली. दोनच माणसांची, इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं. डॉक्टरांना बायकोला घेऊन चिखलदऱ्याला जायचं होतं. गिअर बदलला की खालून धप् असा आवाज यायचा, आणि वळणावर कोणी मागून ढकलल्यासारखं वाटायचं. भासरे गाडीखाली गेले. यांनी ब्रेक दाबून धरला आणि क्लच थोडा थोडा सोडत गाडी पुढच्या नि मागच्या गिअरमध्ये टाकली. "डिफरन्शियल उड्या मारून राहिलं," खालून आवाज आला. मागच्या चाकांना जोर देणारी ती जड लोखंडी पेटी रबराच्या तीन बुशांवर टांगलेली असते, हे मला तेव्हा कळलं. रबर फाटलं की पेटी हलते आणि आपटते.

मागचे दोन बुश फाटलेले होते. ते कापून काढण्यात सगळी दुपार गेली. डॉक्टरांनी आणून दिलेले तीन नवे बुश, बाहेरून लोखंडी कडं असलेले, भासऱ्यांनी माझ्या फ्रिजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी ठेवायला लावले. "गार झालं का लोखंड अंग चोरते, मंग घरात शिरते," असं भिंतीला समजावून सांगितलं. पुढचा बुश त्यांनी टॉमी, म्हणजे लहान पहार, घालून हलवून पाहिला. "हा पक्का हाये," म्हणाले. मागे दोन नवे बसवले आणि तिसरा नवा बुश फ्रिजरमध्येच राहिला.

घाटात जाणारी गाडी आधी स्वतः घाटात चालवून पाहायची, असा त्यांचा नियम होता. ते काम यांचं. सकाळी यांनी अंगणात गाडी मागेपुढे केली. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळ्या लाटत होते. धप् झालं. कालच्यापेक्षा हलकं, पण झालं.

"आता आवाज नाही ना?" भासऱ्यांनी भिंतीला विचारलं.

"हाये थोडा. समोरून येते," मी पदराआडून म्हणाले.

त्यांनी क्षणभर वाट पाहिली. बाईमाणूस गप्प म्हणजे सगळं ठीक, अशी आमच्या घराची रीत. "जाय रे," ते यांना म्हणाले, आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

ते गाडी परत बोलावतील म्हणून मी थांबले. ते तर शांतपणे चहा पीत होते. तेव्हा मला समजलं की त्यांना ऐकूच गेलं नाही. तव्यावरची पोळी जळत होती आणि मला घाटातली वळणं दिसत होती, एका बाजूला दरी. मी उठले आणि भासऱ्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. आवाज निघाला तो शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा.

"आवाज गेला नाही. समोरून येते."

ते माझ्या पायांकडे पाहत राहिले. "तुनं सांगतलं होतं?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला आणि यांना फोन लावला. फोन तिथेच पान्यांच्या पेटीवर वाजत होता. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांना दिसला. त्यांनी मोटारसायकल काढली, सुरू केली, आणि तशीच धरून उभे राहिले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मले हॉर्न ऐकू येत नाही. कोणी मांगं बसन का?"

मी बसले. हातात लाटणं होतं, ते ठेवायचं सुचलं नाही. मागून हॉर्न आला की काय करावं? अंगाला हात कसा लावावा? मी लाटण्यानं त्यांचा खांदा ठोकला. डावीकडून हॉर्न आला की डावा, उजवीकडून आला की उजवा. सगळी राजापेठ पाहत होती. माझा जीव लाल गाडीत होता.

गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर गाडी दिसली. हे पेट्रोल भरून निघतच होते. आम्हाला पाहून यांचं तोंड उघडंच राहिलं. "लाटणं घेऊन मारायले आली काय मले?" मला हसू आलं नाही. मी लाटण्यानं गाडीखाली दाखवलं.

भासरे रस्त्याच्या कडेला गाडीखाली शिरले. या वेळी टॉमीवर सगळा भार टाकला. पुढचा बुश बाहेरून धड होता, आतून फाटलेला. बाहेर आल्यावर ते बराच वेळ हात पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी तिसरा बुश बसवला. हे गाडी घेऊन घाट चढून उतरून घरी येईपर्यंत मी दारातून हलले नाही.

तेव्हापासून भासऱ्यांनी भिंतीला विचारणं सोडलं. गाडी सुरू केली की स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचे. आवाज असला की मी लाटणं वर करायची. "आमच्या बाईनं पास केल्याबिगर गाडी जात नाही," गिऱ्हाइकाला सांगायचे. कान गेल्याचंही आता लपवत नसत. गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. उगाच भ्याले होते मी.

पुढे त्यांचे कान पूर्ण गेले आणि ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. या दिवाळीत आम्ही भेटायला गेलो. मी दाराशी पदर ओढून बसले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. समोरची खुर्ची दाखवली.

"इथं बस. मले आता तोंड पाहूनच समजते."

त्यांची मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी खुर्चीवर जाऊन बसले.

"ते लाल गाडी आली होती का पुन्हा?" त्यांनी विचारलं. "आवाज?"

मी तोंडावरचा पदर बाजूला केला. भासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळे न मिटता, थांबून.

"गेला," मी म्हणाले. नेहमीसारखीच हळू म्हणाले, आणि त्यांना समजलं.