अळीने जास्वंद नाकारली

समस्त आंबागडकरांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या परसातल्या कागदी लिंबाच्या रोपावर शत्रूने हल्ला केला असून शेंड्याची कोवळी पानं धारातीर्थी पडली आहेत!

ही दवंडी मी सासूबाईंपुढे दिली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्यांची आधीची दोन रोपं मेली होती. हे तिसरं. पुन्हा पानं गेली तर हेही जाणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

शत्रू म्हणजे हिरव्यागार, गुळगुळीत अळ्या. एकीला मी काडीने डिवचलं. तिने डोक्यामागून दोन ओली नारिंगी शिंगं फटकन बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की मी पदरासकट मागे कोसळले.

"आत्याबाई, चिरडू काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"श्रावणात जीव घेतं काय वं? उचल अन् दुसऱ्या झाडावर ठेव."

जास्वंदीवर ठेवल्या. पेरूवर ठेवल्या. त्या पानाच्या कडेपर्यंत जात, तोंड लावत आणि मान फिरवत. त्या सोमवारचा उपास घरात सगळ्यात कडक त्यांनीच पाळला.

"येवढं हिरवंगार देऊन राहिलो, खात काहून नाही?" सासूबाई वैतागल्या. "सूनबाईवानी नखरे!"

शेवटचा उपाय म्हणून मी अळ्यांना विहिरीजवळच्या गोडनिंबावर, म्हणजे फोडणीतल्या कढीपत्त्याच्या झाडावर, सोडलं. आणि काय सांगू, माना खाली घालून लागल्या की कुरतडायला! संध्याकाळपर्यंत एका फांदीचे देठ तेवढे उरले. लिंबू, बेल आणि गोडनिंब एकाच कुळातले, हे मला पुढे कित्येक वर्षांनी वाचून कळलं. अळीला ते जन्मतःच ठाऊक होतं.

लिंबाच्या शेंड्यावरची दोन पिल्लं मात्र आमच्या नजरेतून सुटली होती. लहानपणी ती हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसतात. उरलीसुरली कोवळी पानं खाऊन ती बघता बघता गुबगुबीत झाली. गोडनिंबाच्या जून पानांवरची थोरली भावंडं अजून रेंगाळतच होती. झाड खाऊ घालतं, आणि मोठं कधी व्हायचं तेही तेच ठरवतं! मी थक्क होऊन दोन्हीकडे फेऱ्या मारायची. घरातले म्हणत, सून विहिरीकडे फार जाते.

मग लिंबावरच्या दोघींनी, विजेच्या खांबावरचा वायरमन पट्टा बांधतो तसा, कमरेला रेशमाचा धागा बांधून घेतला आणि कोषात गेल्या. एका सकाळी कोष उकलला. आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी निघालं आणि हळूहळू त्याचे काळे-पिवळे पंख ताणले गेले. सासूबाईंच्या हातातली बादली हातातच राहिली. त्यांनी चक्क नमस्कार केला.

दोन-तीन दिवसांनी तसंच एक फुलपाखरू परसात आलं. जास्वंदीला पाय लावला, सोडली. पेरूला लावला, सोडला. जणू पायांनीच चव बघत होतं. लिंबाच्या नव्या पालवीवर मात्र ते थांबलं, शेपूट वाकवलं आणि मोत्यासारखं एक अंडं चिकटवून दुसऱ्या पानाकडे वळलं.

सासूबाई धावल्या. रोपापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि त्या फुलपाखराला म्हणाल्या, "घालाचेच असन त त्या गोडनिंबावर घाल वं माय! आमी वरण बिनफोडणीचं खाऊन घेऊ!"