मी न वाचलेली बारा पानं

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं कॉमिक वाचलं, आणि ते चुकीचं वाचलं. कसं चुकलं ते, नातवंडांनो, तुम्हा दोघांसाठी क्रमाने लिहून ठेवते. थोरलीला यातलं बरंच माहीत आहे, कारण कॉमिक तिनेच काढलं होतं. धाकट्याला काहीच माहीत नाही. पूर आला तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि तिकडे परदेशातच आईजवळ राहिला होता. त्यालाही सांग, असं थोरलीनेच म्हटलं, म्हणून हे लिहायला बसले.

कॉमिकांशी माझा संबंध जप्त करण्यापुरता होता. सांगलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बाकाखाली, भूगोलाच्या पुस्तकात, एकदा तर डब्याच्या झाकणाखाली लपवलेली कॉमिकं मी काढून घेतली आणि परीक्षा संपल्यावर परत दिली. त्यातलं एकही उघडून पाहिलं नाही. चित्रं बघणं म्हणजे वाचणं नव्हे, असं मी वर्गात सांगत असे. मला ते खरंच वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या साताऱ्याच्या पत्त्यावर पार्सल आलं. आत थोरलीने शाळेच्या प्रकल्पासाठी काढलेलं पुस्तक होतं, अठ्ठेचाळीस पानांचं, तिकडच्या दुकानात छापून आणि शिवून घेतलेलं. सोबत चिठ्ठी: ‘आजी, हे आपल्या पुराबद्दल आहे. तू पहिली वाचक. शेवटपर्यंत आलीस की फोन कर. महिनाअखेरीला शाळेत द्यायचं आहे, पण तुझा फोन आल्याशिवाय देणार नाही.’

पुराची हकिगत धाकट्यासाठी सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही सांगलीत राहत होतो. खाली तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीला बाहेरून जिना. थोरली नऊ वर्षांची होती आणि तिकडच्या सुट्टीत महिनाभर आमच्याकडे आली होती. त्या महिन्यात तिने गल्लीतला एक तांबडा कुत्रा आपलासा केला. त्याचा एक कान सतत दुमडलेला असे. मग नदीला पाणी आलं. पहिल्या दिवशी ते गल्लीच्या तोंडाशी होतं, दुसऱ्या दिवशी आमच्या पायरीला लागलं, तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोल्यांत कमरेइतकं झालं. आजोबा, थोरली, मी आणि कुत्रा गच्चीवर बसलो. दुपारी जिन्याला होडी लागली. होडीवाले म्हणाले, फक्त माणसं, जनावर नाही. थोरली कुत्र्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिला म्हटलं, “मागच्या होडीत त्याला आणतील. मी सांगितलंय त्यांना.” मी कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

तिथून आम्ही साताऱ्याला माझ्या बहिणीकडे गेलो. पाणी उतरल्यावर, आठ दिवसांनी, आजोबा आणि मी घर बघायला परतलो. कुत्रा नव्हता. थोरलीने एकदाच विचारलं, “सापडला?” मी म्हटलं, “नाही.” नंतर तिने कधीच विचारलं नाही. लहान मुलं विसरतात, असं मी धरून चालले. त्यानंतर सांगलीचं घर विकून आम्ही साताऱ्यालाच आलो, आणि दोन वर्षांनी आजोबा गेले.

पुराचं इतकंच मी सगळ्यांना सांगत आले होते.

तर पुस्तक. सकाळची कामं उरकून मी टेबलाशी बसले. हाताशी पेन्सिल आणि लाल पेन ठेवलं. सुरुवातीलाच अडखळले. एकाच चौकटीत दोघं बोलत असतील तर आधी कोणाचं वाचायचं ते समजेना, म्हणून मी बोलण्याच्या फुग्यांना पेन्सिलीने बारीक आकडे घातले. मग गाडी चालू लागली. इंग्रजी चांगलं होतं. स्पेलिंगच्या दोन चुका आणि एक राहिलेला स्वल्पविराम सापडला. तेराव्या पानावर माझं ते वाक्य होतं, मागच्या होडीचं. तिला ते आठवतंय याचं मला थोडं आश्चर्य वाटलं. त्यापुढे बारा पानांवर शब्दच नव्हते. नुसती चित्रं आहेत म्हणून ती पानं मी भराभर उलटली आणि सव्विसाव्या पानापासून पुन्हा वाचायला लागले. शेवटच्या दोन पानांवर चार रिकाम्या चौकटी होत्या. शेजारी लाल शाईत लिहिलं: ‘छापायचं राहिलं आहे.’ वीस मिनिटांत पुस्तक संपलं.

संध्याकाळी फोन लावला.

“वाचलंस?” ती म्हणाली. आवाज जरा दबका होता.

“वाचलं. छान आहे. दोन स्पेलिंगं बघ, पान नऊ आणि एकतीस.”

“आणि मधली पानं?”

“चित्रं सुरेख आहेत.”

मग ती म्हणाली, “आणि शेवट?”

“शेवटच्या चार चौकटी कोऱ्या आल्यात. दुकानदाराला सांग, पैसे पूर्ण घेतलेत ना त्याने?”

“बरं, आजी,” ती म्हणाली. “मी ठेवते फोन.” एरवी ती अर्धा तास बोलते.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी आटोपून चहाला टेकल्या. त्या रहिमतपूरकडच्या. शाळा दुसरीपर्यंत, तीही अधूनमधून. टेबलावरचं लाल खुणांचं पुस्तक बघून त्या म्हणाल्या, “आवं बाई, नातीनं एवढं धाडलंय आन् तुमी तपासत बसला व्हय? उद्या तिनं लग्नाची पत्रिका धाडली तरी मार्क द्याल तुमी.”

“चुका सांगायला नकोत?”

“द्या हिकडं.” त्यांनी हात पुसून पुस्तक घेतलं. “मला इंग्रजी येत न्हाई, पर हितं तर कायच लिवलेलं न्हाई. ह्ये मला येतंय की.”

त्यांनी नेमकं चौदावं पान उघडलं होतं. बोट एकेका चौकटीवर ठेवत, चहाचा घोट घेत, त्या सांगायला लागल्या. मी डाळ निवडत होते. अर्धं लक्ष होतं.

“ही म्हातारी बाई होडीत चढता चढता थांबलीय. परत वर निघाली. कायतरी इसरली वाटतं. ह्या चित्रात पदराखाली हात हाय तिचा. पदराखाली काय हाय? थांबा. दोरी हाय. कापडं वाळत घालायची.”

माझा डाळीतला हात थांबला.

“कुत्रं शेपूट हलवतंय. त्याला वाटलं न्यायला आली. आता खाली बसली. त्याच्या डोक्यावर हात ठिवलाय. बांधलं की वो! पाण्याच्या टाकीच्या पायपाला. दोन गाठी मारल्या, बघा, गाठ केवढी मोठी काढलीय पोरीनं. म्होरं भाकरी ठिवली, पाण्याचं भांडं ठिवलं. आली खाली डोळं पुसत.” त्यांनी पान उलटलं. “आन् ही पोरगी होडीतनं समदं बघतीय.”

“कुठे?”

“ह्ये काय. ह्या चित्रात बी, ह्या चित्रात बी. समद्या पानांवर कोपऱ्यात हाय ती. तुमाला दिसली न्हाई?” मग त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, एकदा त्यात आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “आवं, चष्म्याला दोरी. आंबाड्याला काळी पिन. ह्या तुमीच हाय की वो, बाई.”

चष्म्याची दोरी माझ्या छातीवर लोंबत होती. मी ती उगाचच हातात धरली. म्हटलं, “आज भांडी राहू द्या.”

“भांडी कवाच झाली,” मावशी म्हणाल्या.

मी पुस्तक घेतलं आणि ती बारा पानं बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी चित्रं वाचली, म्हणजे प्रत्येक चौकटीपाशी थांबले. गच्चीचं दार लावून येते, असं सांगून मी वर गेले होते. कुत्रा होडीमागे पाण्यात उडी टाकेल आणि त्याच्यामागे पोर, ही मला धास्ती होती. दोन दिवसांत परतू असं वाटलं होतं. हे सगळं फक्त मला माहीत आहे, असं मी सहा वर्षं समजत होते. आजोबा होडीत गच्चीकडे पाठ करून बसले होते, त्यांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं. आणि इथे निळी दोरी होती. ती निळी होती हे मीही विसरले होते. पंचविसाव्या पानावर एकच मोठी चौकट होती: लांब जाणारी होडी, मी पुढे बघत बसलेली, आणि मागे तोंड करून बसलेली नऊ वर्षांची मुलगी.

सहा वर्षं दर रविवारी ही मुलगी मला फोनवर “आजी, जेवलीस का” विचारत होती, आणि तिला ठाऊक होतं. माझ्या वाढदिवसाला गाणं म्हणत होती, आणि तिला ठाऊक होतं. कुत्र्याच्या डोक्यावर मी हात ठेवला होता का? मला आठवत नाही. तिने तो काढला आहे.

मावशी अजून तिथेच होत्या. “मंग त्या कुत्र्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

तेव्हा मला त्या चार कोऱ्या चौकटी कळल्या. त्या कोणाच्या चुकीने कोऱ्या राहिल्या नव्हत्या. थोरलीला शेवट माहीत नव्हता, आणि तो फक्त मलाच माहीत आहे हे तिला ठाऊक होतं. मी तिला दुकानदाराकडे जायला सांगितलं होतं.

“दोरी कुरतडून गेला,” मी मावशींना म्हटलं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. “आम्ही परत गेलो तेव्हा हे खाली खोल्या बघत होते. मी एकटीच वर गेले. पाइपाला दोरीचा तुकडा होता, टोक चावून चावून पिंजलेलं. भाकरी संपलेली. शेजारच्या पत्र्यावर उडी मारता येण्यासारखी होती.”

“म्हंजी जगलं की वो!” मावशींचा चेहरा उजळला. “पोरीला सांगितलं आसंल, लय खूश झाली आसंल.”

“नाही सांगितलं.”

“का वो?”

उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते तेव्हाच, त्या क्षणी, माझं मलाच कळलं. दोरी कुरतडलेली होती ही चांगली बातमी सांगायची, तर दोरी होती हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो तुकडा सोडवून गाळाच्या ढिगात टाकला आणि नऊ वर्षांच्या मुलीला “नाही” एवढंच सांगितलं. कुत्रा बांधून ठेवल्याचं शल्य मला अधूनमधून टोचत असे. या दुसऱ्या गोष्टीचं कधी टोचलंच नव्हतं. बांधलं ते घाईत, भीतीपोटी. लपवलं ते सावकाश, आणि सहा वर्षं.

मावशी कप विसळून गेल्या. जाताना म्हणाल्या, “फोन लावा तिला.”

मी फोन लावला नाही. फोनवर मी शब्द नीट मांडले असते. त्याचा मला सराव आहे. तिने मला चौकटी दिल्या होत्या. मी लाल शेरा खोडरबराने घासून पाहिला, निघाला नाही, तो तसाच राहिला. पट्टी आणि पेन्सिल घेतली. पहिल्या चौकटीत गच्ची काढली, टाकी आणि पाइप. दुसरीत रिकामं भांडं. तिसरीत दोरीचं पिंजलेलं टोक, चौकटभर मोठं, कारण मोठं काढलं की महत्त्वाचं असतं एवढं आता मला कळलं होतं. चौथी सर्वांत अवघड. त्यात मी स्वतःला काढलं, ढिगावर वाकून दोरी टाकताना. चेहरा चार वेळा खोडला. शेवटी चष्मा आणि त्याची दोरी काढली आणि बाकी सोडून दिलं. शब्द एकही लिहिला नाही. फोटो काढून पाठवला.

दुपारपर्यंत काहीच आलं नाही. तिकडे तेव्हा पहाट असते हे माहीत असूनही मी फोन हातात घेऊनच जेवले. मग तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

“आजी, तू हात किती मोठे काढलेस.”

“मला काढता येत नाही.”

“चुकीचे नाही म्हणत.” तिचा श्वास ऐकू येत होता. ती रडत होती की नुकती उठली होती, मला सांगता येणार नाही. “तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

मी सांगितलं. वर लिहिलं आहे तेच, त्याच क्रमाने, आणि स्वतःची बाजू न घेता. तिने मध्ये तोडलं नाही. तिने माफ केलं असंही म्हटलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. तो विषय अजून आमच्यात तसाच आहे.

मग तिने विचारलं, “पाइपाला दोरी किती उरली होती?”

“हातभर.”

“आणि तू बांधलीस तेव्हा केवढी होती?”

“चार हात तरी असेल. त्याला फिरता यावं म्हणून लांब ठेवली होती.”

कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

“मग उरलेली त्याच्या गळ्यातच राहिली,” थोरली म्हणाली. “पत्र्यावरून पळतानाच्या चित्रात मागे दोरी काढायला हवी. तीन हात.”