चहा पुढे, साहेब मागे

सेफ्टी खात्याला पगार मिळतो तो काही घडू नये म्हणून. वर्ष चांगलं गेलं तर आमच्याकडे सांगण्यासारखं काही उरायलाच नको. तरी आम्हा तिघांपाशी किश्श्यांचा एवढा ढीग साठला, याचा सगळा दोष दरवाज्यांना!

तिघे म्हणजे आमचे बोरकर साहेब, धुळ्याकडचा फिटर नामदेव आणि मी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सिल्वासात आणि आसपास आमच्या सुताच्या कंपनीच्या पाच इमारती. प्रत्येकीत फायर डोअर, म्हणजे एका हॉलची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बसवलेला जाड पत्र्याचा दरवाजा. उघडून सोडला की तो आपोआप बंद व्हायला हवा. तो होतो का, हे पाहत पाचही इमारती फिरायच्या, एवढीच आमची नोकरी.

बोरकरांचा जीव अडकला होता नरोली गावच्या इमारतीतल्या दरवाज्यात. अलीकडे सुताच्या खोक्यांचं गोडाऊन, पलीकडे पॅकिंगच्या बाया, आणि त्यांना बाहेर पडायला एक अरुंद जिना. "हा उघडा राहिला तर धूर त्यांच्याआधी जिन्यात पोचेल," असं ते म्हणत, आणि त्या दिवशी डबा अर्धाच खात.

*

पहिल्या दौऱ्यात रांधा गावच्या इमारतीतला दरवाजा बघून साहेब खूश झाले. बंद, स्वच्छ, नवा करकरीत हिरवा. नामदेवने हँडल ओढलं. मग भिंतीला पाय लावून ओढलं.

"साहेब, हाऊ दरवाजा उघडाव नही."

रंगाऱ्याने दरवाजा आणि चौकट एकाच दमात रंगवून टाकली होती. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटली होती. सुपरवायझर म्हणाला की इथून माणूस जाऊ शकत नाही, तर आग काय जाणार.

*

मुख्य इमारतीत नकाशावर दरवाजे दोन, भिंतीत एकच. दुसरा शोधता शोधता जेवणाची वेळ झाली म्हणून कँटीनमध्ये बसलो. नामदेव ताटाखालचं टेबल बोटाने वाजवून बघायला लागला. कँटीनवाले रामजीभाई कौतुकाने म्हणाले, "बहु मजबूत छे! उकळतं पातेलं ठेवा, काय होत नाही."

बोरकरांनी जेवण पुरं केलं, हात धुतले आणि मगच दरवाजा परत मागितला.

*

एका इमारतीत कामगारांनी फायर डोअरवर देवीचा फोटो लावला होता. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही झेंडूचा हार. बोरकरांनी बूट काढले, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी दरवाजा उघडून सोडला. खटकन बंद! देवीपुढे कोणी खोकी रचत नव्हतं, की दरवाजा उघडा राहावा म्हणून खाली काही खुपसत नव्हतं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि असे आणखी चार फोटो कुठे मिळतील ते विचारून ठेवायला सांगितलं.

*

नरोलीला मात्र देवीचंही काही चाललं नसतं. मालाची हातगाडी सारखी ये-जा करायची, म्हणून पॅकिंगच्या सावित्राबाई दरवाज्याखाली सुताची रिकामी बाबीन, म्हणजे रीळ, खुपसून तो उघडा ठेवत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आम्ही जाऊ तेव्हा दरवाजा बंद, बाबीन गायब. बोरकरांनी दौऱ्याचे वार बदलले, सकाळचं दुपारवर नेलं, मलाही जीपमध्ये बसल्यावरच सांगू लागले. तरी तेच.

शेवटी उलगडा झाला. ड्रायव्हरला आदल्या दिवशी सांगावंच लागे. तो ते रामजीभाईंना सांगे, कारण साहेब जातील तिथे त्यांच्याआधी चहा पोचलाच पाहिजे अशी रामजीभाईंची रीत. मालाच्या टेम्पोतून किटली आली की सावित्राबाई आधी बाबीन काढत, मग कप मांडत.

बोरकरांनी चहा बंद केला. रामजीभाईंना ते फार लागलं. साहेब येणार आणि चहा नाही, हे त्यांच्या कँटीनच्या अब्रूला शोभणारं नव्हतं. ते पाठवतच राहिले. बोरकरांनी हात टेकले.

*

एका उन्हाळ्यात नरोलीला निघालो आणि वाटेत जीपचा क्लच गेला. किटली पुढे गेली होती. आम्ही रस्त्याकडेला बसलो असताना नरोलीच्या बाजूला काळा धूर दिसला.

बोरकर उठून रस्त्यावर धावले. आडवे उभे राहून त्यांनी एक ट्रक थांबवला. नामदेव वाटभर देवाचं नाव घेत होता.

पोचलो तर गोडाऊन पेटलेलं, आणि पॅकिंगच्या बाया आवारात उभ्या. बोरकरांनी एकेकीकडे बोट करत मोजल्या. पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या.

बंब आले, आग विझली. आम्ही जिना चढून आत गेलो. दरवाजा बंद होता. गोडाऊनच्या बाजूने कोळशासारखा काळा झालेला, पण पॅकिंगच्या बाजूला धुराचा डागही नव्हता. बोरकर तिथेच खाली बसले आणि रडले.

बऱ्याच वेळाने खाली येऊन त्यांनी सावित्राबाईंना विचारलं, "बाई, रागावत नाही, खरं सांगा. आज बाबीन का नव्हती?"

सावित्राबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"साहेब, चहा आला होता."