नाकातून येणारं दूध

डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात टॉर्च धरला आणि त्या मला म्हणाल्या, "ताई, जवळ या. तुम्हीच बघा."

बाळ रडत होतं, त्यामुळे तोंड पूर्ण उघडं होतं. जिभेच्या वर, मागच्या बाजूला, जिथे गुलाबी छत असायला हवं तिथे फट होती. आत नुसता काळोख.

"याला क्लेफ्ट पॅलेट म्हणतात. टाळू जुळलेला नाही. ओठ चांगला असला की जन्मल्याबरोबर हे लक्षात येत नाही, यात कुणाची चूक नाही. ऑपरेशनने बरं होतं. पण ते वर्षाच्या आसपास. तोपर्यंत हिला वाढवणं हे आपलं काम."

माझी मुलगी तेव्हा सहा दिवसांची होती. जन्मली तेव्हा दोन किलो सहाशे ग्रॅम होती. जव्हारच्या दवाखान्यात काट्यावर ठेवली तेव्हा दोन किलो दोनशे भरली.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. दहा वर्षं झाली. स्तनपानावर मी इतक्या बैठका घेतल्यात की झोपेतसुद्धा बोलू शकेन. बाळाला कसं धरायचं, तोंड किती उघडं हवं, हनुवटी कुठे टेकली पाहिजे, सगळं पाठ. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मला ही पोरगी झाली आणि तीच अंगावर पिईना. तोंड लावायची, दोनदा ओढायची, मग नाकातून दूध यायचं, ठसका लागायचा. तिसऱ्या दिवशी मी मनाशी म्हटलं, सर्दी झाली असेल. पाचव्या दिवशी ती रडायचीही थांबली. नुसती झोपून राहायला लागली. तेव्हा माझे मालक देवराम आश्रमशाळेतून रजा टाकून आले आणि जीप करून आम्ही जव्हार गाठलं.

ज्यांच्या बाळाला हे असेल त्यांच्यासाठी सांगते. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत. भिंतीला फट असली की बाळाला दूध ओढता येत नाही, जसं चिरलेल्या नळीतून पाणी ओढता येत नाही. बाळाला भूक असते, आईला दूध असतं, पण मधला रस्ताच तुटलेला असतो. बाळ ओढून ओढून दमतं आणि उपाशीच झोपतं. आपल्याला वाटतं, पोट भरलं.

तिला एसएनसीयूमध्ये ठेवलं. म्हणजे नवजात बाळांचा खास कक्ष. पहिले दोन दिवस नाकातून बारीक नळी घातली होती, तिला राईल्स ट्यूब म्हणतात. ती पोटापर्यंत जाते. मी बाहेर बसून हाताने दूध काढायचे, नर्स ते नळीतून सोडायची. दूध आपलं आपण खाली उतरताना बघत मी उभी राहायचे.

बाहेरच्या बाकावर सासूबाई बसलेल्या असायच्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "ग्रहणात काय चिरलंस का, पोरी?"

हेच मला दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी तक्ता काढून समजावलं असतं. त्या दिवशी मात्र मी खरंच आठवायला लागले, की ग्रहण कधी होतं आणि मी काय करत होते.

डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांनाही तेच विचारलं. डॉक्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "आजी, पोटात असताना तिसऱ्या महिन्यात टाळूचे दोन भाग जुळतात. कुणाचे जुळतात, कुणाचे राहतात. तुमच्या सुनेनं काही केलं नाही. आता दूध कसं पाजायचं ते तुम्ही पण शिका. एकटीला जमणार नाही."

तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि आम्हा दोघींना शिकवलं. चोच असलेली छोटी वाटी. डॉक्टर तिला पलाडाय म्हणत. नर्स म्हणाली, जुन्या बायका बोंडलं म्हणायच्या. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, आडवं नाही. वाटीची चोच गालाच्या बाजूने आत ठेवायची, थोडं सोडायचं, गिळेपर्यंत थांबायचं. नाकातून आलं तर घाबरायचं नाही, पुसायचं. अधूनमधून ढेकर काढायची. अर्ध्या तासात आटपायचं, नाहीतर पिण्यातच बाळ दमतं. दिवसातून आठ वेळा.

सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. मी घाईघाईने ओतायचे, त्या वाट बघायच्या.

आठवड्याने घरी सोडलं. त्या आठवड्यात मधे एकदा नाशिकला जाऊन टू डी एको केला. ती हृदयाची सोनोग्राफी असते. अशा बाळांना कधी कधी हृदयाचाही त्रास असतो म्हणून बघतात. तिथे चार तास बसलो. रिपोर्ट चांगला आला. देवरामनी तो शर्टाच्या आत ठेवला, पिशवीत नाही.

घरी आल्यावर नवीन संकट उभं राहिलं. माझं दूध कमी व्हायला लागलं. बाळाने ओढलं की दूध वाढतं, हे मीच शिकवत आले. माझं बाळ ओढत नव्हतं. हाताने काढून काढून बोटं दुखायची. आधी अर्धी वाटी निघायचं, मग पाव, मग तळ झाकेल एवढंच. पाड्यावरच्या आरोग्य कार्यकर्तीने, आमच्या आशाताईने, वजन केलं. आठ दिवसांत फक्त चाळीस ग्रॅम वाढलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "चार दिवस बघू. नाही वाढलं तर परत भरती करू आणि पावडरचं दूध जोडीला देऊ. त्यात कमीपणा मानू नका."

मला कमीपणाच वाटला. मी फोन ठेवला आणि चुलीपुढे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा आली. आमच्याच पाड्यावरची, माझ्यापेक्षा लहान. तिची आठ महिन्यांची मुलगी कडेवर होती. मला तिच्यासमोर बसवेना. तीच मुलगी चार महिन्यांची असताना वजनाच्या तक्त्यात खाली घसरली होती, तेव्हा मी सगळ्या बायकांदेखत सुनंदाला बोलले होते. "बाजारात फिरायला वेळ आहे, पोरीला पाजायला नाही का?" खरं तर ती तेव्हा दिवसभर लोकांच्या शेतात लावणीला जात होती. पुढे आईला घरी आणून तिने पोरगी सांभाळली आणि वजन भरून काढलं. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायची.

ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुझी पोर पीत नाय म्हणतात."

"नाही पीत," मी म्हटलं.

"तू मला बोलली होतीस तेव्हा मी घरी जाऊन लय रडले."

मी मान खाली घातली.

"ते सांगायला नाय आले," ती आत येत म्हणाली. "माझी पोर तुला लावून बघ. ती ओढते दणकून. तिने ओढलं तर दूध उतरेल. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला वाटी धर."

सासूबाईंनी लगेच पाट सरकवला.

सुनंदाची मुलगी आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिली, मग तिने तोंड लावलं. तिची ओढ इतकी जोरदार होती की मी दचकले. इतक्या दिवसांत असं कुणी ओढलंच नव्हतं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने आपोआप थेंब गळायला लागले, मग धार. सासूबाईंनी वाटी धरली. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. वाटी अर्ध्याच्या वर भरली. तेच दूध थांबत थांबत माझ्या पोरीला पाजलं.

संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोघींच्या गरोदरपणातल्या तपासण्या नॉर्मल होत्या ना? त्या बाळाला ताप-खोकला काही नाही ना?" मी हो म्हटलं. तेव्हा त्या हसल्या. "मग चालू ठेवा. पण हे आधी विचारायला हवं होतं." त्यांचं बरोबर होतं. तुम्हीही आधी विचारा.

सुनंदाच्या घरचे वीटभट्टीवर कामाला निघायच्या तयारीत होते. भात झोडून झालं की आमच्याकडची बरीच घरं जातात. तिच्या नवऱ्याने पुढे जायचं ठरवलं आणि ती मागे थांबली. दिवसातून तीनदा यायची. पोरगी माझ्याकडे द्यायची आणि सासूबाईंशी गप्पा मारत बसायची. मी तिला थांब म्हटलं नव्हतं. तीही थांबते म्हणाली नव्हती.

बारा दिवस असं चाललं. मग जीप आली आणि ती गेली. तोपर्यंत माझं दूध नीट उतरायला लागलं होतं. हाताने काढलं तरी आठही वेळचं पुरायला लागलं.

पोरीचं नाव आरोही ठेवलं, ती आता चार महिन्यांची आहे. नाकातून दूध अजून येतं, आम्ही पुसतो. ऑपरेशन करणाऱ्या नाशिकच्या डॉक्टरांनी वजन आणि हिमोग्लोबिन बघून ऑपरेशनची वेळ ठरवू असं सांगितलं आहे. पुढे बोलायला शिकताना मदत लागेल, कानही तपासत राहायला लागतील. कामं बरीच आहेत, पण ती एकेक करून येतात, एकदम नाही, हे मला कळलं आहे.

अंगणवाडीत परत रुजू झाले. कुणाचं बाळ वजनात घसरलं की आता मी आधी त्या बाईच्या घरी जाते, ती पाजते तेव्हा शेजारी बसते. बाळाचं तोंडही टॉर्च लावून बघते. बोलण्याआधी बघायला मला दहा वर्षं आणि एक पोरगी लागली.

ज्या दिवशी आरोही तीन किलोच्या वर गेली, त्या दिवशी मी सुनंदाला फोन लावला. भट्टीवर मागे कुणीतरी ओरडत होतं, धड ऐकू येत नव्हतं. मी वजन सांगितलं. मग म्हटलं, "सुनंदा, मी तेव्हा तुला सगळ्यांपुढे बोलले ना, ते..."

"ताई," ती मधेच ओरडून म्हणाली, "ढेकर काढलीस का तिची?"