पथारीवरचा ठसका

"कट!" मी ओरडलो आणि अख्खं युनिट माझ्याकडे वळून बघायला लागलं.

साऊंडवाल्याने कट म्हणायचं नसतं. तो हक्क डायरेक्टरचा. आवाजात काही गडबड झाली तर आम्ही गपचूप हात वर करायचा, मग डायरेक्टरला वाटलं तर तो शॉट थांबवतो. इतकी वर्षं मी हा नियम पाळत आलो होतो. पण त्या सकाळी नंदुरबारच्या मिरचीने माझ्या संयमाची पार चटणी केली होती.

"नाना, काय झालं?" मुग्धाने विचारलं. मुग्धा आमची डायरेक्टर, आणि हा तिचा पहिलाच सिनेमा.

"कॅमेरामन खोकला."

"मला ऐकू नाही आलं."

"तुला नाही येणार. तो तोंडावर उशी दाबून खोकला. पण मला आलं ना."

नंदुरबारच्या आसपास मिरची वाळवायची मोठमोठी मैदानं असतात, त्यांना पथारी म्हणतात. ओली लाल मिरची तिथे उन्हात पसरायची, बायकांनी ती खालीवर करायची, वाळली की पोती भरायची. दिसायला इतकी देखणी जागा की कॅमेरामन पहिल्याच दिवशी तिच्या प्रेमात पडला. पण मिरची हलवली की तिची धूळ उठते, आणि ती घशात गेली की माणसाचं काही चालत नाही. पुण्या-मुंबईहून आलेलं आमचं सगळं युनिट खोकत होतं. तिथल्या बायका मात्र निवांत गप्पा मारत होत्या.

आता आमच्या सिनेमाविषयी सांगतो. छोट्या गावातल्या एका मुलाची आणि मुलीची गोष्ट. दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण कुणी बोलत नाही. मुलाला सुरतला नोकरी लागलीय, ते सांगायला तो पथारीवर येतो. ती मिरचीचे देठ खुडत बसलेली. तो शेजारी बसतो आणि बराच वेळ काहीही बोलत नाही. शेवटी तिलाच कळतं आणि ती म्हणते, "जाय मंग." संपला सीन. एकच सलग शॉट, मध्ये तोडायचा नाही. सिनेमाभर दोघं एकमेकांना साधा हातही लावत नाहीत. गोष्ट वाचल्यावर मी मुग्धाला म्हणालो होतो, "अगं, एवढ्या वेळात माणूस सुरतला जाऊन परत येईल." ती नुसती हसली होती.

असा संथ सिनेमा म्हणजे साऊंडवाल्याची मेजवानी. कोणी बोलत नाही, म्हणजे बाकीचं सगळं ऐकू येतं. देठ तुटल्याचा आवाज, बांगडीचा आवाज, श्वास. आम्ही सिंक साऊंड करत होतो, म्हणजे शूटिंगच्या वेळी जो आवाज होतो तोच सिनेमात वापरायचा. दुसरा मार्ग डबिंगचा. नंतर स्टुडिओत बसून ओठांच्या हालचालीवर आवाज चढवायचा. ते स्वच्छ होतं, पण मला ते शोकेसमधल्या मिठाईसारखं वाटतं.

दुपारी जेवताना रसाळ आला. हा आमचा लाईन प्रोड्यूसर, म्हणजे लोकेशनवरचं जेवण, गाड्या, परवानग्या आणि कटकटी सांभाळणारा माणूस. त्याने वर बोट दाखवलं. सातपुड्याच्या बाजूने ढग येत होते.

"पथारीवाले उद्या सकाळी सगळा माल उचलतायत. पाऊस येणार म्हणतात. आज संध्याकाळपर्यंत हा सीन आवाजासकट मिळाला तर ठीक. नाहीतर प्रोड्यूसर म्हणतायत, साऊंडचा नाद सोडा, सगळा सिनेमा डब करू."

"आणि कल्याणी?" मुग्धाने विचारलं.

"तिची परीक्षा आहे, ती मुंबईला कधी येणार? शिवाय डबिंग तिला जमायचं नाही. आपण एखादी सराईत मुलगी घेऊ."

कल्याणी आमची हिरॉइन. ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याची मुलगी, शहाद्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणारी. कधी स्टेजवरही उभी राहिली नव्हती. मुग्धाने तिला एका लग्नात कुणाशी तरी भांडताना ऐकलं आणि तिथेच घेतलं. ती आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायची, पण राग आला की अहिराणीत सुटायची.

ती तिथेच ताट घेऊन बसली होती. तिने घास खाली ठेवला.

"तोंड मन्हं आनि आवाज दुसरीना? मंग माले कसाले लिधं?"

रसाळला अहिराणी येत नाही. मी धुळ्याचा, मला पुरेपूर कळलं: तोंड माझं आणि आवाज दुसरीचा, तर मग मला घेतलंच कशाला? रसाळलाही बहुतेक कळलं असावं, कारण तो चहा बघायला म्हणून उठून गेला. कल्याणी माझ्याकडे वळली. "सर, माझ्या आईने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. पडद्यावर माझ्या तोंडून दुसरीच कुणीतरी बोलली तर ती काय सांगेल लोकांना?" तिचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी रसाळचा, प्रोड्यूसरचा आणि मिरचीचा, तिघांचाही सारखाच राग आला.

मग आम्ही कामाला लागलो. रसाळची सूचना होती की पथारीवर पाणी शिंपडावं, धूळ बसेल. पथारीवरच्या सुमनबाईंनी ती तिथल्या तिथे उडवून लावली. "पानी मारी दिधं ते मिरची सडी जाई ना, भाऊ!" मग मी माझी आयडिया काढली. गावातून खडीसाखर मागवली आणि प्रत्येकाला तोंडात धरायला दिली. खोकला खरंच थांबला. टेक सुरू झाला, कल्याणी देठ खुडतेय, आमचा हिरो ओंकार शेजारी येऊन बसतोय, सगळं छान, आणि माझ्या कानात कडाम्. लाईटवाल्याने खडा चावला. पाठोपाठ मेकअपवालीनेही चावला. मी सगळ्यांना खडीसाखर थुंकायला लावली.

बायकांना मी हात जोडून काम थांबवायला सांगितलं होतं. त्या कडेला ओळीने बसून शूटिंग बघत होत्या. सुमनबाईंना ओंकारची काळजी लागून राहिली होती.

"सकायपाईन हाऊ पोऱ्या काही बोलीच नही ऱ्हायना. मुका शे का?"

"बाई, सिनेमाच तसा आहे," मी म्हणालो.

"आनि तू काय भरी ऱ्हायना त्या डबीमा? काहीच वाजी नही ऱ्हायनं!"

बायका खो खो हसल्या. मलाही हसू आलं. काहीच वाजत नसताना गळ्यातल्या रेकॉर्डरमध्ये मी भरतोय काय, हा प्रश्न रास्त होता.

ऊन उतरायला लागलं. हलवाहलव थांबल्याने धूळ बरीच बसली होती. मी अर्ध्या युनिटला नाकावर ओला रुमाल बांधून पार रस्त्यापर्यंत मागे पाठवलं. राहिलो आम्ही मोजके, आणि कडेला बसलेल्या बायका. मुग्धा म्हणाली, "आता हा शेवटचा."

टेक सुरू झाला. लांब काठीच्या टोकाला माईक असतो, त्याला बूम म्हणतात. तो दोघांच्या डोक्यावर धरून मी डोळे मिटले. असं ऐकायला मिळणं भाग्यात असावं लागतं. देठ तुटतोय. दूर कुठेतरी होला घुमतोय. ओंकार बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो, तेवढंही ऐकू येतंय. कल्याणीचा खुडण्याचा वेग हळूहळू मंदावतोय. मी मनात म्हटलं, पोरी, तुझा आवाज वाचला.

आणि ओंकारला ठसका लागला.

साधासुधा नाही. सकाळपासून दाबून ठेवलेला, पोटातून आलेला. तो लालबुंद झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी डोळे उघडले. एक हात बूमवरून सुटला आणि वर जायला निघाला.

तेवढ्यात कल्याणीने मिरची टाकली, गुडघ्यावर उठली आणि घरात धाकट्या भावाला करतात तसं ओंकारच्या डोक्यावर थापटलं.

"वर देख! वर देख!"

ओंकारने वर पाहिलं. तिने पुन्हा थापटलं. आणि कॅमेऱ्यामागे बसलेल्या सगळ्या बायका, ज्यांना मी सकाळपासून गप्प बसा म्हणून विनवत होतो, एका सुरात ओरडल्या, "वर देख रे, भाऊ!"

मुग्धाने कट म्हटलं नाही. माझा हात खांद्यापर्यंत आला होता, तो मी तिथेच धरून ठेवला. कल्याणीला आपण काय केलं ते कळलं. तिचा हात अजून त्याच्या केसांवर होता. तिने तो काढला, पण घाईने नाही. ओंकार डोळे पुसत हसला, तीही हसली. मग दोघंही थांबली, आणि ती हळूच म्हणाली,

"जाय मंग. पन पानी पी ले पहिले."

मी आयुष्यात पुष्कळ प्रेमाचे संवाद रेकॉर्ड केलेत. असा एकही नाही.

"कट," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, आणि तो मिरचीने नव्हता.

रसाळ रस्त्यावरून धावत आला. "साऊंड गेला ना? मागून बायका ओरडल्या ना?"

"साऊंड ओके," मी म्हणालो.

"अहो, ठसका आहे त्यात!"

"पथारी आहे ही. ठसका नसता तर लोकांनी विचारलं असतं."

प्रोड्यूसरने तो सीन पाहिला आणि डबिंगचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढे शहाद्याला एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. कल्याणीची आई गल्लीसकट हजर होती, सुमनबाई जीप भरून आल्या होत्या. संथ सिनेमा, लोकांची चुळबुळ सुरू झाली. मी मागे भिंतीला टेकून उभा. मग पथारीचा सीन आला. हॉल हळूहळू शांत झाला. देठ तुटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. पडद्यावर ओंकारला ठसका लागला, आणि कल्याणीने तोंड उघडण्याआधीच अख्खा हॉल ओरडला,

"वर देख!"

म्हातारे, पोरं, दारावरचा वॉचमन, सगळे. कल्याणीची आई तर उभी राहून ओरडली. कल्याणी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती आणि रडतही होती. सुमनबाई मागे वळून मला म्हणाल्या, "भरी लिधं का?"

नाही भरलं. आयुष्यभर मशीन गळ्यात बांधून हिंडलो, आणि त्याच दिवशी ते घरी ठेवून नवा शर्ट घालून आलो होतो. तेव्हापासून सिनेमा बघायला जातानाही मी रेकॉर्डर बरोबर नेतो. खडीसाखर मात्र नेत नाही.