संतरामचा पिवळा पाव

संतरामला यंत्राचं भय नव्हतं, स्वयंपाकाचं होतं. हळदीच्या हंगामात त्याचा शिजवणीचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम जवळा बाजार गावाच्या आसपास शेताशेतांतून फिरायचा. ड्रमचा आवाज लांबून ऐकून तो सांगायचा, "अजून खडबडीत हाय, फिरू द्या." घरातसुद्धा जे जे तारेला जोडलेलं, ते ते संतरामचं. मिक्सर बिघडला तर तो दुरुस्त करायचा. मात्र त्यातल्या चटणीविषयी मत द्यायची त्याची प्राज्ञा नव्हती. लेकीचं लग्न झालं, नातू झाला, तरी हा माणूस स्वयंपाकघरात दोनच कामांसाठी शिरायचा. एक म्हणजे गॅसची टाकी बदलायला, आणि दुसरं, साप निघाला तर.

बाकी सगळा मुलूख सुमनबाईचा. तिथले डबे, तिथली मांजर, तिथला माळा, आणि माळ्यावरचा तो खोका.

खोक्याची कथा अशी. त्यांची लेक पुनम नांदेडला दिली. तिच्या लग्नात जावयाच्या कुणा पुण्याच्या मित्रानं ब्रेड करायची मशीन आहेर केली. पुनमच्या सासूनं ती एकदा बघितली आणि "आपल्याकडं पोळ्या लाटणारी माणसं हायेत" असं म्हणून विषय संपवला. खोका चकचकीत कागदासकट माहेरी आला. सुमनबाईनं ठरवलं, एखाद्या चांगल्या लग्नात हा आहेर पुढं ढकलायचा. पण चांगलं लग्न सापडेना. कुणाची पत्रिका आली की ती माळ्याकडं बघायची आणि म्हणायची, "यांनी आपल्याला काय दिलं व्हतं? स्टीलचा डबा. त्याचंबी झाकण सैल." खोका राहायचा. अशी किती जोडपी त्या मशिनीविना संसाराला लागली, याचा हिशेब नाही.

शेवटी सुमनबाईच्या सख्ख्या भाच्याचं लग्न निघालं. आता मात्र हात आखडता घेणं शक्य नव्हतं. ती स्टुलावर चढली, खोका ओढला, आणि दोघंही एकदम खाली आले. खोका गादीवर पडला, सुमनबाई फरशीवर.

उजवं मनगट गेलं. वसमतच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, की प्लास्टर निघेपर्यंत या हातानं पळीसुद्धा उचलायची नाही. सुमनबाईनं विचारलं, "आन् भाकरी?" डॉक्टरनं संतरामकडं पाहिलं. संतरामनं भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं पाहिलं.

पहिले काही दिवस शेजारच्या चंदाबाईनं दोन्ही वेळच्या भाकरी पाठवल्या. भाकरी उत्तम होत्या. खरी तकलीफ तीच होती. वाईट असत्या तर सुमनबाईला निदान बोलायला जागा राहिली असती. शिवाय चंदाबाई भाकरी ठेवून लगेच जायची नाही, पहिला घास तोंडात पडेपर्यंत उभी राहायची.

"कशी झाली, सुमनवैनी?"

"मऊ हाय," सुमनबाई म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना मनगटापेक्षा जास्त दुखायचं.

तेवढ्यात पुनमचा फोन आला. "माय, मी आइतवारी गाडी घेऊन येते. प्लास्टर निघेपर्यंत तू इकडंच राह्य. बाबांचं काय, ते खानावळीत जेवतील."

सुमनबाईला जायचं नव्हतं. जावयाच्या घरी पाय पसरून बसता येत नाही, पदर घेऊन टीव्ही बघावा लागतो. पण तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "चंदाबाईच्या भाकरीवर मी ऱ्हायची न्हाई. आपल्या घरात आपल्या घरचं काही शिजलं तर ऱ्हाते. न्हाई तर आइतवारी चालले."

"बराबर हाय," संतराम म्हणाला आणि ओसरीवर जाऊन बसला.

बराबर काहीच नव्हतं. मागं पुनमच्या बाळंतपणाला सुमनबाई नांदेडला राहिली होती, तेव्हा हा माणूस टीव्हीवर बाजारभाव लावून एकटा जेवायला बसायचा आणि मधेच आतल्या दाराकडं तोंड करून म्हणायचा, "अगं, ऐकलं का, सोयाबीन उतरलं." आतून कुणी 'हूं' म्हणायचं नाही. मग सोयाबीन उतरो की चढो, त्याला घास गिळवायचा नाही. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि 'तू जाऊ नको' हे तीन शब्द बायकोला सांगायचे, तर त्याला कुठून सुरुवात करायची तेच माहीत नव्हतं.

मग त्यानं खोका उघडला. "नुसतं बघतो, पडून काही तुटलं का," असं म्हणाला. काहीच तुटलं नव्हतं. आत बादलीसारखं भांडं, भांड्याच्या बुडाशी फिरणारं पातं, वर झाकण, झाकणाला काच. संतरामचा चेहरा उजळला. "अगं, हे तर आपल्या ड्रमचं लेकरू हाय!"

भाच्याच्या वाट्याला आता स्टीलचा डबाच राहिला. मशीन अर्थातच स्वयंपाकघरात गेली नाही. ती ओसरीवर, टीव्हीच्या शेजारी, टेबलावर बसली. तारेची वस्तू होती, म्हणजे ते स्वयंपाकाचं काम नव्हतं, मशिनीचं होतं. त्यानं तिला कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधायला निघाला तेव्हा सुमनबाई खाटेवरून म्हणाली, "ती काय नांदेडला निघाली का? जाणार तर मी हाय."

पहिल्या दिवशी त्यानं भांड्यात ज्वारीचं पीठ आणि पाणी घातलं. इथल्या दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. पीठ म्हणजे ज्वारीचं. बाकीच्या पिठांना त्यांची नावं लावावी लागतात. मशीन फिरली, थांबली, तापली, आणि शेवटी पिंपिं वाजली. "आलो, आलो," म्हणत संतराम धावला. भांडं उलटं केलं तर जो काही ऐवज पडला, त्यानं टेबलावर आवाज केला. सुमनबाईनं डाव्या हातानं त्यावर टिचकी मारली.

"चांगला हाय," ती म्हणाली. "वाऱ्यानं दार आपटतं, तिथं लावा."

त्यानं खरंच लावला. दार आपटायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं वसमतला गेला. बाजारातल्या बेकरीवाल्या चाचांना त्यानं आपलं दुःख सांगितलं, म्हणजे मशिनीचं तेवढं सांगितलं. चाचा हसले नाहीत, पण त्यांना ते जड गेलं.

"ज्वार की डबल रोटी? मामू, ज्वार में लचक कां है? गेहूँ लो. और ये खमीर लेके जाव." यीस्टची पुडी बांधता बांधता त्यांनी बोट वर केलं. "नमक बराबर डालना. खमीर बोले तो घोड़ा, नमक उसकी लगाम. नमक कम पड़ा, तो घोड़ा सीधा छत को जाके लगता."

हे वाक्य संतरामनं एसटीत पाठ केलं आणि घरी आल्या आल्या सुमनबाईला घोड्यासकट ऐकवलं. संध्याकाळी गव्हाचं पीठ, खमीर, साखर, मीठ, सगळं घातलं. आणि काय सांगावं, पाव झाला! वर टोपी फुगलेली, बाजू तांबूस, बुडाला पात्याचं भोक. भोकाचं संतरामला वाईट वाटलं नाही. "ठेच्याला जागा," तो म्हणाला.

पण पावाचा वास गल्लीत गेला आणि सगळा घोटाळा झाला. गावात ब्रेड कधी येतो? माणूस दवाखान्यात असला की येतो. कागदाची पुडी, सोबत बिस्किटं, दुधात बुडवून दोन घास. ताज्या ब्रेडचा वास संतरामच्या घरातून येतोय म्हटल्यावर लोकांनी काढायचा तोच अर्थ काढला. चंदाबाई डोक्यावर पदर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "लईच वाढलं का हो?" तिच्या मागून पलीकडच्या आळीचे म्हातारे कोंडीबा दोन मोसंबी घेऊन आले, खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "सुमन, मला वळखलं का?"

"दादा, हात मोडलाय," सुमनबाई म्हणाली. "मी न्हाई मोडले."

"तसंच म्हणावं," कोंडीबा म्हणाले. "धीर सोडू न्हाई." आणि डोळे पुसले.

ते गेल्यावर तिनं पावाचं ताट सरकवून दिलं. "घ्या. मी खायची न्हाई."

"काहून? चांगला झाला की."

"चांगला झाला म्हणूनच. दुसऱ्याच्या भाकरीवर बसले तर पाव्हणी झाले, ब्रेडवर बसले तर आजारी झाले. उद्या लोक टोपी काढून येतील. त्यापेक्षा पुनमकडची पोळी बरी. पिशवी भरून ठेवा माझी."

संतरामनं पिशवी काढली. दोन लुगडी घातली, एक परत काढलं, पुन्हा घातलं. मग ती तशीच ठेवून तो मागच्या अंगणात ड्रमपाशी जाऊन बसला. ड्रमच्या जाळीला या हंगामाची हळद अजून चिकटलेली होती. तो ती नखानं खरवडत बसला. बोट पिवळं झालं. ते त्यानं बराच वेळ पाहिलं, उठला, आणि खाटेपाशी येऊन म्हणाला,

"धपाट्याच्या पिठात काय काय घालतीस?"

"काहून?"

"असंच."

"असंच कुणी धपाटं विचारत न्हाई."

"सांग तर."

ती सांगायला लागली. लसूण, हिरवी मिरची, ओवा, तीळ, कोथिंबीर, मूठभर बेसन. सांगता सांगता डावा हात माप दाखवू लागला आणि ती उशीला टेकून उठून बसली. "ज्वारीचं मूठभर घाला, बाकी गहू. तुमच्या घोड्याला गहूच लागतो ना?"

"आन् हळद किती?"

"हळदीचं मला इचारता? जन्म गेला हळदीत."

"शिजवायची किती ते कळतं," संतराम म्हणाला. "खायची किती, ते तूच घालत आलीस."

टीव्ही बंद होता, तरी सुमनबाईनं तिकडं पाहिलं.

आणि मग संतराम, टाकी संपलेली नसताना आणि साप निघालेला नसताना, स्वयंपाकघरात शिरला. तिनं खाटेवरून हुकूम सोडले. "वरचा डबा. त्याच्या शेजारचा. आवं ती मोहरी! तीळ, तीळ! जन्मात तीळ बघितले न्हाईत का? संक्रांतीला काय खात व्हते?" डबे आपटत होते, झाकणं पडत होती, मांजर बाहेर पळून गेली. या धांदलीत मीठ राहिलं. पाव फुगून झाकणाच्या काचेला चिकटला, तेव्हा ते कळलं. घोडा छताला लागला होता. पण रंग असा पिवळाधमक, की त्याला ब्रेड म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. लसणाचा आणि ओव्याचा वास गल्लीत गेला. या वेळी चंदाबाई पदर न घेताच आली.

"धपाटे केले का वैनी? या हातानं?"

"सध्या यांच्या हातानं," सुमनबाई म्हणाली, आणि अर्धा तुकडा तिच्या पुढं केला. चंदाबाईनं घास घेतला. सुमनबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली, घास गिळला जाईपर्यंत.

"कसा झाला?"

"मऊ हाय," चंदाबाईला म्हणावं लागलं.

आइतवारी पुनम आली. गाडी दारात, पिशवी ओसरीवर. आदल्या दिवशीसारखाच पिवळा पाव ताटात होता, दह्याबरोबर, बुडाच्या भोकात ठेचा. संतरामनं लेकीला वाढलं आणि मशिनीच्या तारेला काही झालेलं नसताना तार तपासत उभा राहिला.

"बाबा, तुमी केला? खरंच?" पुनमनं दुसरा तुकडा घेतला. "माय, हे तर लई भारी हाय. बरं, आवर आता. उन्हाच्या आत निघू."

सुमनबाईनं सावकाश घास चावला. "चव हाय. पण मीठ बराबर न्हाई."

"बरं, मग?"

"मग काय मग. असं अर्धवट टाकून कसं यावं? तुझ्या बापाला मीठ जमू दे. जमलं की येते."

"अगं, मीठच तर हाय! पुढच्या खेपेला जमंल."

"मग पुढच्या खेपेला बघू."

पुनमनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. बाप तार अजून तपासत होता. तिनं उरलेला पाव सासूसाठी बांधून घेतला आणि गाडी रिकामी नेली. संतरामनं पिशवीतली लुगडी कपाटात ठेवली, आणि कोणतं कुठं ते न विचारता बराबर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं चमचाभर मीठ घेतलं. चाचांनी सांगितलं होतं तेवढं, तोलून मापून. भांड्यावर धरलं. मग खाटेकडं पाठ फिरवली आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त परत बरणीत टाकलं.

पिंपिं वाजलं. "आलो, आलो." पाव काचेला टेकला होता, टोपी चपटी झालेली. सुमनबाईनं त्या चपट्या टोपीकडं बघितलं. घोड्याची गोष्ट तिला पाठ होती. पण तिनं ताट पुढं ओढलं, तुकडा मोडला, आणि चावत चावत म्हणाली,

"कमीच हाय."

"उद्या बघू," संतराम म्हणाला, टीव्ही लावला, आणि बाजारभाव आल्यावर तिला ऐकवला. "सोयाबीन चढलं."

"हूं," सुमनबाई म्हणाली. तिच्या ताटात, घास घेण्याच्या आधीच वाढून घेतलेलं, चिमूटभर मीठ होतं.