बारा पस्तीसची आई

तान्ह्यांची खोली मावशीकडे आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. पाळणाघरात ती सगळ्यांचीच मावशी. बाळांची, त्यांच्या आयांची, नळ दुरुस्त करायला येणाऱ्या प्लंबरचीसुद्धा. नुसत्या रडण्यावरून ती सांगायची, याला भूक लागलीय, हिला झोप आलीय, आणि हा लबाड उगाच नाटकं करतोय.

त्या वर्षी समोरच्या कपड्यांच्या कारखान्यातली एक शिवणवाली आपली चार महिन्यांची मुलगी ठेवून जाऊ लागली. तिला जेवणाची सुट्टी अर्धा तास. बारा पस्तीसला ती धापा टाकत यायची, लेकीला पाजायची आणि स्वतःचा डबा न उघडताच परत पळायची. पण पाळणाघराच्या मॅडमचा नियम होता, मधल्या वेळेत पालकांनी खोलीत यायचं नाही. एकाची आई दिसली की बाकीची भोकाड पसरतात म्हणे. मग ती बिचारी बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर, अंगावर ओढणी घेऊन बसायची. येणारे-जाणारे तिच्या गुडघ्यांना अडखळायचे.

“मॅडम, एक खुर्ची द्या हो आत कोपऱ्यात,” मावशीने विचारलं. एकदा नाही, चारदा.

“जागा कुठाय, मावशी? आणि बाटलीची सवय लावा ना तिला. सगळ्यांच्याच जिवाला आराम.”

पालथ्या घड्यावर पाणी!

एका मंगळवारी मावशी दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली होती. तिकडे कारखान्यात मशीन अडकलं आणि आईला आठ मिनिटं उशीर झाला. पोरगी रडायला लागली, तशी नव्या मदतनीस बाईने तिला बाटलीभर दूध पाजून टाकलं. आई आली तेव्हा लेक ढेकर देऊन गाढ झोपलेली. आईचा कुर्ता पुढून ओला झाला होता, छाती भरून ठणकत होती. ती जरा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली आणि घड्याळ बघून निघून गेली.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं, दहा मिनिटं खांद्यावर घेऊन फिरवायचं ना तिला!”

नवी बाई रडकुंडीला आली. “मॅडम म्हणाल्या, रडू द्यायचं नाही. मी काय करणार?”

तिचंही खरंच होतं. मावशी तडक ऑफिसात गेली. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “तुम्ही आमच्याकडे नोकरी करताय की आयांची वकिली?”

मावशीला आठवली ती स्वतःची लेक. या नोकरीपायी तिसऱ्याच महिन्यात तिचं अंगावरचं पिणं सुटलं. सासूबाईंनी तिला वाटी-चमच्यावर वाढवलं. इथे दुसऱ्यांची लेकरं रडली की मावशीला पान्हा फुटायचा, आणि बाथरूमात जाऊन ती तो पिळून टाकायची. तेव्हा तिने कुणाकडे काही मागितलंही नव्हतं.

तिने मॅडमसमोरची पाहुण्यांची खुर्ची उचलली आणि तान्ह्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी खुर्ची परत ऑफिसात. सकाळी मावशीने पुन्हा आणली. असं आठवडाभर चाललं. शेवटी मॅडमच कंटाळल्या आणि खुर्ची आतच राहिली.

पण वरातीमागून घोडं! त्याच आठवड्यात कारखान्याच्या सुपरवायझरने सुट्टीत बाहेर जाणंच बंद केलं. महिन्याभरात शिवणवालीचं दूध आटलं, पोर बाटलीवर गेली.

“जाऊ द्या मावशी, तुम्ही खूप केलंत,” ती म्हणाली. तेच मावशीला जास्त लागलं. कसलं खूप? एक खुर्ची हलवायला दोन महिने लागले!

पुढे एक नवी आई चौकशीला आली. मॅडम तिला खोली दाखवत होत्या. “आमच्याकडे पाजायची खास सोय आहे बरं का!”

मावशी लंगोट बदलत होती. तिने गाठ मारली आणि ती पुढे आली.

“तुमची यायची वेळ सांगा,” मॅडमकडे न बघता ती त्या बाईला म्हणाली. “त्याआधी तासभर तुमच्या बाळाला इथे कुणी बाटली लावणार नाही. उशीर होणार असेल तर फोन करा, मी फिरवत ठेवीन त्याला.”

“सव्वा अकरा,” बाई म्हणाली.

मावशीने पेन्सिल घेतली आणि पाळण्यावरच्या भिंतीवर तेवढं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.